ऑस्वाल्डला माहीत होतं का?

रोझमेरी मावशी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटण सोडायची, कोंबडी सोडायची, चहातली साखरसुद्धा सोडायची. पण रविवार दुपारचा शेजारच्या हरीभाऊंकडचा खेळ तिने कुठल्याच वर्षी सोडला नव्हता. यंदा हरीभाऊच नव्हते, म्हणून तिचा नाइलाज झाला होता. त्या रविवारी संपदा विरारहून गिरीजला आईकडे आली, तेव्हा मावशी आधीच येऊन पाय पसरून बसलेली होती आणि आई टीव्हीवरचा कपडा काढून त्याची घडी घालत होती.

"लाव गं तो खेळ," आई म्हणाली.

"कुठला?"

"कुठला काय? हेल्गाचा. बाई दिवाळीपासून जिन्यात उभी आहे. पाय मोडून आले असतील तिचे."

संपदाने हातातली पिशवी ओट्यावर नेऊन ठेवली. आईसाठी आणलेली बिस्किटं डब्यात भरायला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. बाबा, म्हणजे मावशीचे हरीभाऊ, दिवाळीच्या तोंडावर गेले. तेव्हापासून ती दर रविवारी येत होती, कपाटं आवरत होती, वाडीतल्या पाटाला पाणी सुटलंय का ते बघत होती. पण टीव्हीला जोडलेल्या त्या खेळाच्या डब्याला तिने हात लावला नव्हता.

डबा मूळचा संपदाच्या नवऱ्याचा, केयूरचा. त्याने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना सासऱ्यांना आणून दिला. बाबांनी आठवडाभर त्यावर मोटारी पळवल्या आणि मग कंटाळले. "किती वेळ तोच रस्ता? त्यापेक्षा आपला भिवंडीचा बरा. निदान कामणला उतरून वडापाव तरी खाता येतो." मग केयूरने त्यांना हा दुसरा खेळ लावून दिला. वेष्टणावर ठळक छापलं होतं, फक्त अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी. बाबा चष्म्यातून ते वाचून म्हणाले, "हरकत नाही. माझी चारदा अठरा भरलीत."

त्या खेळात गोळीबार नव्हता, मोटारी नव्हत्या, गुणही नव्हते. उत्तरेकडचं एक गारठलेलं बेट, त्यावर एक खाणावळ. ती चालवणारी हेल्गा. तिचा नवरा ऑस्वाल्ड, वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. आणि आठवड्यातून दोनदा सामान घेऊन येणारा नावाडी टोमास. खेळणाऱ्याने हेल्गा व्हायचं. कुणाशी काय बोलायचं, कुणापासून काय लपवायचं, कुणाला दार उघडायचं, हे ठरवायचं. आणि आपण ठरवू तशी पुढची गोष्ट वळायची. जन्मभर मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या बाबांना हे फारच आवडलं. ते म्हणत, "ही कादंबरीच आहे. फक्त दर पानाला थांबून आपल्यालाच विचारते, बोला, आता काय करू?"

सगळं इंग्रजीत होतं. बाबा पडद्यावरचं वाचायचे आणि लगोलग घरच्या बोलीत सांगायचे. त्यामुळे त्या बर्फातली हेल्गा वसईच्या बाजारातून टोपली रिकामी करून आलेल्या बाईसारखी फणकाऱ्याने बोलायची आणि टोमास पाचूबंदरच्या कोळ्यासारखा 'पानी' म्हणायचा. खेळाचा एक नियम बाबांनी घालून दिला होता. निवड करायची वेळ आली की बसलेल्या प्रत्येकाने मत द्यायचं. नुसतं हो-नाही चालणार नाही, त्या माणसाच्या मनात काय आहे ते सांगायचं. मग ज्याच्या हातात रिमोट, त्याने ठरवायचं. एकेका निवडीवर इतका वाद चाले की पडदा वाट बघून काळा होई.

सगळ्यात मोठा वाद एकच होता. हेल्गा आणि टोमासचं जे आहे, ते वर पडलेल्या ऑस्वाल्डला माहीत आहे का? आई आणि रोझमेरी मावशीचं म्हणणं, माहीत आहे. संपदा आणि बाबांचं म्हणणं, नाही. दोनास दोन. गेला अख्खा पावसाळा ही लढाई चालली होती आणि बाबा एक पाऊल मागे हटले नव्हते.

संपदा ऑस्वाल्डच्या बाजूने इतकी हट्टाने का भांडत होती, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. त्याच पावसाळ्यात डॉक्टरांनी तिला आणि केयूरला बाजूला घेऊन बाबांच्या पोटातल्या दुखण्याचं खरं नाव सांगितलं होतं. बाबांना ते कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. तिच्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं, आत्यालाही नाही. दुखणाइताच्या कानावर दुखण्याचं नाव घालायचं नाही, ही घराण्यातली रीतच होती. अल्सर आहे, पथ्य पाळा, असं सांगितलं गेलं. आईला तिने शपथ घातली. बाबांनीही कधी काही विचारलं नाही; गोळ्या घेतल्या, खेळ खेळले, वाद घातले, आणि गेले.

तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या मानेवर बसला होता. बाबांना कळलं होतं का? कळलं नसेल, तर निरोप घ्यायची त्यांची संधी तिने हिरावून घेतली होती. कळलं असेल, तर एवढं ओझं ते एकट्याने वागवत होते, आणि ती शेजारी बसून अल्सरच्या गप्पा मारत होती. दोन्हींपैकी पहिलं त्यातल्या त्यात सोसण्यासारखं होतं. म्हणून तिने तेच धरून ठेवलं होतं.

"बिस्किटं मोजून भरतेस की काय?" बाहेरून मावशी ओरडली.

संपदा येऊन बसली आणि तिने डबा चालू केला. हेल्गा खरोखरच जिन्यात उभी होती, हातात सूपचा वाडगा घेऊन. वर जायचं की खाली?

"खाली," मावशी म्हणाली. "होडी लागलीय धक्क्याला. भोंगा ऐकला की नाही तुम्ही?"

"सूप निवेल," आई म्हणाली.

"सूप तसंही निवलेलंच असणार, यशोदा. दिवाळीचं आहे."

संपदाला हसू आलं. तिने हेल्गाला खाली नेलं. टोमास दारात उभा होता. ती वाचून सांगू लागली, "तो म्हणतो, या ऋतूतला हा माझा शेवटचा फेरा आहे. यानंतर समुद्र गोठेल. ती म्हणते, मला याची कल्पना होती."

"'मला याची कल्पना होती'?" मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, हेल्गा एकदम हेडमिस्ट्रेस झाली की! हरीभाऊंची हेल्गा म्हटली असती, जा ना मग, इथं कोण अडलंय तुझ्यावाचून."

"लिहिलंय ते वाचतेय मी."

"लिहिणं त्यांचं. बोलणं आपलं."

संपदाने पुन्हा प्रयत्न केला. घरची बोली तिला बोलता येत होती, पण विरारच्या फ्लॅटमध्ये ती जिभेवरून उतरली होती. दोन वाक्यांनंतर मात्र ती आपोआप आली. टोमासने कोट काढला. हेल्गाने दाराला कडी घातली. पडद्यावरचा उजेड मंद झाला, दोघं एकमेकांच्या फार जवळ आली, आणि पुढे काय होणार ते संपदाच्या लक्षात आलं.

"आई," ती घाईघाईने म्हणाली, "जरा चहा टाकतेस?"

रोझमेरी मावशी इतक्या जोरात हसली की तिला ठसका लागला. आईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

"काय झालं?"

"बापाची लेक," मावशी डोळे पुसत म्हणाली. "तेही हेच करायचे! ती दोघं जरा जवळ आली की आधी तुला पिटाळायचे वाडीतला पंप बघायला, आणि मग, यशोदा, चहा टाक. रोझमेरी, तिला आलं किसून दे."

"म्हणजे तुम्ही दोघींनीही हे कधी पाहिलंच नाही?" संपदा म्हणाली. पडद्यावर हेल्गा आणि टोमास आपापल्या कामात होती. तिने आवाज बंद केला. "मग वाद कशावर घालत होतात? हे मधलं माहीतच नसेल तर..."

"माहीत नसायला काय झालं?" आई म्हणाली. "स्वयंपाकघरातून पडदा दिसतो. चहाला एवढा वेळ लागतो का गं? मी दोनदा उकळी काढायचे."

"आणि बाबांना ठाऊक होतं? तुम्ही बघता ते?"

"होतं की. मी परत येण्याआधी कपबशा वाजवायचे. ते वाजलं की हे घसा खाकरून म्हणायचे, ये, ये, पुढं काही विशेष नाही झालं." आईने पदर नीट केला. "त्यांना लाज वाटायची. वाटू दिली. त्यात माझं काय गेलं? चहाच झाला."

"आम्हाला," मावशी म्हणाली, "दुपारभरात चार-चार चहा व्हायचे. ॲसिडिटी झाली मला त्या हेल्गापायी."

तिघी ते दृश्य संपेपर्यंत पडद्याकडे पाहत बसल्या. संपदाचे कान तापले होते, पण तसं पाहिलं तर त्यात लाजण्यासारखं फारसं नव्हतंही. दोन थकलेली माणसं होती, आणि एकमेकांना ऊब देत होती. आई शांतपणे म्हणाली, "त्याचा कोट फाटलाय खांद्यावर. तिने शिवून द्यायला हवा होता." मग टोमास गेला, होडीचा दिवा लांब गेला, आणि हेल्गा वाडगा घेऊन वर आली.

ऑस्वाल्ड उशीला टेकून बसला होता. हेल्गा पलंगाच्या कडेला थांबली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. त्याला सांग. सांगू नकोस.

"मत द्या," संपदा म्हणाली.

"सांग," मावशी म्हणाली. "त्याला माहीतच आहे. आता उगीच लपवून काय मिळवायचंय? आम्ही वॉर्डात किती बघितलंय! बिछान्यावरच्या माणसाला सगळं कळतं. पावलं ऐकून कळतं. कोण दारात थांबून डोळे पुसून आत येतं, ते कळतं." मावशी बत्तीस वर्षं नर्स होती, आणि वॉर्डाचा दाखला आला की तिच्यापुढे कुणी बोलत नसे.

"सांगू नको," आई म्हणाली. "माहीत आहे म्हणूनच नको. तो तिला लाजवत नाही, तिने तरी कशाला?"

"त्याला माहीत नाही," संपदा म्हणाली.

"परत तेच?"

"काय पुरावा आहे माहीत असल्याचा? तो तिच्याशी नीट बोलतो. हसतो. वसंतात छपराचं काम करू म्हणतो. ज्याला कळलंय तो माणूस वसंताच्या गोष्टी करेल?" बोलता बोलता आपण टीव्हीकडे बघत नाही आहोत हे तिच्या ध्यानात आलं. "नाही माहीत त्याला. तो सुखात आहे. बाबापण हेच म्हणायचे."

"हरीभाऊंचं काय सांगतेस!" मावशी म्हणाली. "त्यांचं रविवारी एक आणि बुधवारी दुसरं. रविवारी माझ्याशी कचाकचा भांडायचे, आणि बुधवारी केळी द्यायला आले की म्हणायचे, रोझमेरी, तुझं बरोबर आहे हं, त्या ऑस्वाल्डला पहिल्या हिवाळ्यापासून सगळं ठाऊक आहे. मी म्हटलं, अहो, मग रविवारी का नाही मानत? तर म्हणे, रविवारी संपा..."

मावशी थांबली. तिने आईकडे पाहिलं.

"रविवारी संपा काय?" संपदाने विचारलं.

"संपा असते," मावशी हळू आवाजात म्हणाली.

संपदाने रिमोट मांडीवर ठेवला. "आई?"

एखादं काम आज ना उद्या करायचंच होतं ते आजच निघालं, अशा सुरात ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं. पहिल्या दिवसापासून."

"कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"तू डॉक्टरांना म्हणालीस ना, यांच्यासमोर इंग्रजीत बोला?" आईच्या ओठांचा कोपरा हलला; तिला हसायचं नव्हतं, पण ते आवरेना. "यांच्यासमोर! अगं, दर रविवारी समोर बसून ऐकत होतीस, अख्खी हेल्गा इंग्रजीतून घरच्या बोलीत आणतात ते. घरी आले, हातपाय धुतले आणि डॉक्टरांचा शब्दन् शब्द मला मराठीत सांगितला. अगदी हेल्गाचं सांगायचे तसा. वर म्हणाले, डॉक्टर हुशार आहे, पण इंग्रजी कच्चं."

संपदाला ती दुपार आठवली. तिने दवाखान्याबाहेर डॉक्टरांना गाठून केलेली विनंती, डॉक्टरांनी हलवलेली मान, आणि आत बाबांचा चेहरा, परभाषेतलं काही न कळणाऱ्या माणसासारखा साधा. तो चेहरा बघून तिला हायसं वाटलं होतं. बाबांची सगळी हयात दोन भाषांच्या मुद्रितांवर गेली, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी तिच्या लेखी ते फक्त दुखणाईत होते.

"म्हणजे तुला मी शपथ घातली तेव्हा..."

"तेव्हा मला कळून चार दिवस झाले होते. पण घातलीस, घेतली. मोडली तर नाही ना मी?"

"आणि त्या गोळ्यांच्या बाटल्यांवरची लेबलं मी काढत बसले."

"हो! बरं झालं आठवण काढलीस," मावशी म्हणाली. "केवढा ताप दिलास तू त्या लेबलांचा! सगळ्या गोळ्या सारख्या. शेवटी मी येऊन लावून दिल्या, पिवळी सकाळची, दोन पांढऱ्या रात्रीच्या. तू आलीस की हरीभाऊ विचारायचे, संपा, ही कसली गं? आणि तू सांगायचीस, पित्ताची."

"मला का नाही सांगितलं?" संपदा म्हणाली. ती कुणावर रागावली होती ते तिला नीट कळत नव्हतं. "तेव्हा नाही तर नाही. नंतर तरी?"

"तेव्हा मी विचारलं होतं यांना. पोरीला सांगू का, तुम्हाला कळलंय म्हणून? तर म्हणाले, नको. ती माझ्यासाठी काहीतरी करतेय. तेवढंच तिच्या हातात आहे, ते कशाला काढून घ्यायचं?" आई थांबली. "नंतर सांगणारच होते. पण तू आलीस की कपाटं आवरायला घ्यायचीस. कपाटात डोकं घातलेल्या माणसाला काय सांगायचं?"

"म्हणजे," मावशी म्हणाली, "इतके दिवस, तू म्हणतेस तसा काही माहीत नसलेला ऑस्वाल्ड तूच होतीस गं."

संपदा हसली नाही, पण रागावलीही नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तिला इतके महिने लागले होते. "घाबरले होते का, आई?"

"एकदा. पहाटे उठून बसले. मी पण उठून बसले. बोललो असं काही नाही. कधी तुझं लग्न, कधी त्यांचा छापखाना, असं इकडचं तिकडचं निघालं. मग फटफटलं तसे म्हणाले, चाफ्याची फुलं उतरवायला सॅन्टन येईल, उठूया." आईने संपदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तसं एकटं नव्हतं सोडलं त्यांना. आम्ही दोघं होतो की."

"सॅन्टनला चहा पण स्वतः दिला होता त्यांनी त्या दिवशी," मावशी म्हणाली. सॅन्टन तिचा नवरा. "घरी येऊन मला सांगत होता."

पडदा काळा झाला होता. संपदाने बटण दाबलं तसा तो उजळला. हेल्गा तिथंच होती, पलंगाच्या कडेला, आणि त्या दोन ओळीही. संपदाला जाणवलं की मानेवरचं ते ओझं कुणी उचलून नेलेलं नाही. पण ते आता ओझ्यासारखं राहिलेलं नाही. बाबांच्या आणि तिच्या मधे जे न बोललेलं होतं, ते फसवणूक नव्हतं. तिने दिलेलं त्यांनी घेतलं होतं, आणि तिच्यासमोर त्याची घडीसुद्धा मोडू दिली नव्हती. तरीही, सांगून टाकायला मिळालं असतं तर तिला आवडलं असतं. एकदाच. डॉक्टरांचं इंग्रजी कच्चं होतं, हे बाबांच्याच तोंडून ऐकायला आवडलं असतं.

"एक सांग, एक नको," मावशी म्हणाली. "तुझं काय ते बोल. आणि कारण सांग, नुसतं दाबू नको."

"मी बाजू बदलली," संपदा म्हणाली. "त्याला माहीत आहे."

"आली बाबा गाडी रुळावर! मग?"

"सांग."

"अगं, कशाला?" आई म्हणाली. "चाललंय ना त्यांचं?"

"त्याला हवंय म्हणून नाही. तिला हवंय म्हणून. त्याने तिला सांभाळलं, ठीक आहे. पण तिलाही एकदा त्याच्याजवळ बसायचं असेल, हातात काही न घेता. सूपबिप न घेता."

आईने थोडा विचार केला. "हं," ती म्हणाली. तिने मत बदललं नाही, पण आणखी काही बोललीही नाही. आणि तिच्या वादातली ही सगळ्यात मोठी सवलत होती.

संपदाने बटण दाबलं. हेल्गाने वाडगा खाली ठेवला. ती बोलू लागली आणि संपदा तिच्यामागोमाग बोलू लागली, न अडखळता, जिन्याखालच्या दाराबद्दल, होडीबद्दल, या हिवाळ्याबद्दल आणि त्याआधीच्याही. मावशी पुढे सरकून बसली होती. हेल्गाचं बोलून झालं. ऑस्वाल्ड इतका वेळ गप्प राहिला की पुन्हा पडदा काळा होतो की काय असं वाटलं. मग त्याच्या तोंडून दोन छोटी वाक्यं आली.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

संपदाने ती एकदा मनात वाचली. "म्हणतो, ठाऊक आहे गं. तू जेवलीस का?"

"बस?" मावशी भडकली. "एवढंच? तिने काळीज काढून ठेवलं आणि हा जेवणाचं विचारतो?"

"मग काय विचारील?" आई म्हणाली. "भुकेली असणारच ती. सकाळपासून जिन्यात उभी."

"यशोदा, त्याने निदान एक तरी प्लेट फोडायला हवी होती! माणूस आहे का दगड?"

"मावशी, तो दगड असता तर ओरडला असता," संपदा म्हणाली, आणि मांडी घालून सरसावून बसली. "आता नीट ऐका. पहिल्या हिवाळ्यात तो तिला म्हणतो, दिवा खालीच ठेव, मला झोप येतेय. आठवतं? कुणासाठी ठेवायला सांगतो तो दिवा?"

मावशी बोट उगारून म्हणाली, "थांब. असं असेल तर मग त्या टोमासला कधीपासून माहीत होतं?"

"त्याला काय माहीत असणार," आई म्हणाली. "फाटका कोट घालून हिंडतो तो."

आणि तिघी एकदम बोलू लागल्या.